गोव्यातील कायदा शोधताना आणि त्याचा दाखला देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायद्याच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, नव्याने वकिली सुरू केलेले तरुण, पंचायतीचे सचिव, देवस्थानांचे महाजन (मंदिराचा कारभार पाहणारे सभासद) आणि घरच्या जमिनीचे कागद हातात घेऊन बसलेले सामान्य वाचक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बरेचसे प्रश्न भारतात कोठेही पडतील असेच आहेत. काही मात्र केवळ गोव्यात पडतात, आणि गोंधळ बहुधा त्यांच्यामुळेच होतो. दाखल्यांतील इंग्रजी अक्षरे येथे देवनागरीत लिहिली आहेत; न्यायालयात सादर करायच्या कागदात ती रोमन लिपीतच लिहावीत.

दाखला म्हणजे नेमके काय?

दाखला म्हणजे पत्ता. आपण ज्या कलमाचा किंवा निवाड्याचा आधार घेतला आहे त्याच्यापर्यंत दुसऱ्या वाचकाला कोणालाही न विचारता पोहोचता आले, तर दाखला पुरा झाला असे समजावे. स्वल्पविराम कोठे द्यावा, कंस गोल असावा की चौकोनी, याविषयी प्रत्येक महाविद्यालयाची आणि प्रत्येक नियतकालिकाची रीत वेगळी असते. ती पाळावी, परंतु तिच्यावर फार झोप घालवू नये. वर्ष, खंड, पृष्ठ आणि न्यायालय यांत मात्र एका अंकाचीही चूक चालत नाही.

शोध कोठून सुरू करावा?

बहुतेक जण विषयाचा शब्द घेऊन सुरुवात करतात: वारसा, भाडे, कुळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवरील घरात राहणारा). गोव्यापुरते बोलायचे तर मी तारखेपासून सुरुवात करण्याचा सल्ला देईन. मृत्यू केव्हा झाला, करार केव्हा झाला, ताबा केव्हा गेला, गुन्हा केव्हा घडला, हे आधी कागदावर लिहावे. २० डिसेंबर १९६१ पूर्वीची घटना, तेव्हापासून ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य होईपर्यंतच्या केंद्रशासित काळातील घटना आणि त्यानंतरची घटना, या तिन्हींसाठी विधिमंडळे वेगळी, राजपत्रे वेगळी आणि पुष्कळदा कायदेही वेगळे आहेत. तारीख ठरली की विषयाचा शब्द योग्य कपाटात शोधता येतो. ती न ठरवता शोधले, तर नेमका रद्द झालेला कायदा हाती येण्याचा संभव मोठा असतो.

मुक्तीनंतर इतकी वर्षे लोटली, तरी पोर्तुगीज काळातील कायद्याचा दाखला कशाच्या आधारावर देता येतो?

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा २० डिसेंबर १९६१ पासून केंद्रशासित प्रदेश ठरला. त्यानंतर संसदेने गोवा, दमण आणि दीव (प्रशासन) अधिनियम, १९६२ (१९६२ चा अधिनियम १) संमत केला. त्याच्या कलम ५ चा आशय असा की नियत दिवसाच्या लगतपूर्वी या प्रदेशात जे कायदे अमलात होते, ते सक्षम विधिमंडळाने किंवा प्राधिकाऱ्याने बदलेपर्यंत अथवा रद्द करेपर्यंत पुढे अमलात राहतील. हे कलम समजल्याशिवाय गोव्याच्या कायद्याचा अभ्यास सुरूच होत नाही, असे माझे मत आहे. पोर्तुगीज नागरी संहितेतील एखादा अनुच्छेद आज इथल्या न्यायालयात वाचला जातो तो भारतीय संसदेने पुढे चालू ठेवलेला कायदा म्हणून वाचला जातो. त्यात लिस्बनच्या सत्तेचा काही संबंध राहिलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जोझे पावलो कुतिन्यो वि. मारिया लुइझा वालेन्तिना परेरा, (२०१९) २० एससीसी ८५ (असे आकडे कसे वाचायचे ते पुढे दिले आहे) या १३ सप्टेंबर २०१९ च्या निवाड्यात हेच स्पष्ट केले. भारताच्या संसदेने चालू ठेवल्यामुळे ही संहिता भारतीय कायद्याचा भाग झाली आहे, आणि गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कोठेही असली, तरी तिचा वारसा त्याच कायद्याने ठरतो, असे न्यायालयाने म्हटले.

या कलमातील शेवटचे शब्द विसरू नयेत: बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत. १९६२ च्या कायदेविषयक विनियमाने आणि नंतरच्या अधिनियमांनी अनेक भारतीय कायदे गोव्याला लागू केले. उदाहरणार्थ, १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता येथे १९६५ च्या अधिनियम ३० अन्वये आली आणि १५ जून १९६६ पासून अमलात आली. म्हणून पोर्तुगीज काळातील तरतुदीचा दाखला देताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात: ती तरतूद मुळात कोणती होती, आणि ती आजही का टिकून आहे.

नागरी संहितेचा दाखला कसा लिहावा? मजकूर कोठे पाहावा?

ही संहिता १८६७ ची आहे. १८ नोव्हेंबर १८६९ च्या दिक्रेताने (पोर्तुगीज शासनाच्या हुकुमाने) ती सागरपार प्रांतांना लागू झाली आणि १ जुलै १८७० पासून गोव्यात अमलात आली. तिच्यात २५३८ अनुच्छेद आहेत. दाखला देताना ‘पोर्तुगीज नागरी संहिता, १८६७, अनुच्छेद अमुक’ असे लिहावे. पोर्तुगीज पाठात अनुच्छेदाला आर्टिगो म्हणतात, आणि त्याखाली कधी कधी एकमेव परिच्छेद जोडलेला असतो. आपला मुद्दा त्या परिच्छेदात असेल, तर तोही नमूद करावा.

येथे एक सापळा आहे आणि त्यात चांगले चांगले अडकतात. महाजालावर पोर्तुगालची नागरी संहिता सहज मिळते, पण ती बहुधा १९६६ ची असते. पोर्तुगालने आपली जुनी संहिता बदलली आणि नवी १ जून १९६७ पासून लागू केली. तोवर गोव्याचा आणि त्या देशाच्या विधिमंडळाचा संबंध संपलेला होता, म्हणून नवी संहिता इथे कधीच आली नाही. मूळ देशाने सोडून दिलेला कायदा आपल्याकडे चालू आहे. तेव्हा हाती आलेल्या पाठाचे वर्ष पाहिल्याशिवाय अनुच्छेदाचा क्रमांक उतरवू नये. गोवा शासनाने १८६७ च्या संहितेचा इंग्रजी अनुवाद २०१८ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केला आहे. ज्यांना पोर्तुगीज येत नाही त्यांनी एखाद्याच्या खासगी टिपणातील भाषांतरापेक्षा तो वापरावा.

विवाह आणि घटस्फोट यांबाबत १९१० ची दिक्रेते वेगळी आहेत, कोमुनिदादींची (गावाची सामुदायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थांची) संहिता १५ एप्रिल १९६१ च्या डिप्लोमा लेजिस्लातिव्ह (पोर्तुगीज काळातील वैधानिक आदेश) क्रमांक २०७० ने आलेली आहे, आणि देवस्थानांच्या महाजनांना ज्याचे वारंवार काम पडते तो देवस्थान विनियम ३० मार्च १९३३ च्या डिप्लोमा लेजिस्लातिव्ह क्रमांक ६४५ चा आहे. या सर्वांना मिळून ‘पोर्तुगीज कायदा’ एवढेच म्हणण्याची सवय आपल्याकडे आहे. बोलण्यात ती चालते. लिहिण्यात क्रमांक आणि तारीख दिलीच पाहिजे.

अधिनियमाच्या नावात एक वर्ष आणि क्रमांकात दुसरेच वर्ष का दिसते?

विधेयक ज्या वर्षी मांडले गेले ते वर्ष पुष्कळदा संक्षिप्त नावात राहते, आणि संमती मिळून प्रसिद्धी झाल्यावर त्याला त्या वर्षाचा क्रमांक मिळतो. मुंडकारांना घरातून काढून टाकण्यापासून संरक्षण देणारा अधिनियम नावाने १९७५ चा आहे, पण तो १९७६ चा अधिनियम १ आहे. जमीन महसूल संहिता नावाने १९६८ ची, पण १९६९ चा अधिनियम ९. सर्वांत ठळक उदाहरण अलीकडचे आहे: गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२ हा २०१६ चा गोवा अधिनियम २३ आहे आणि तो २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आला. नावातील २०१२ पाहून २०१४ मधील मृत्यूला हा अधिनियम लावणारा मसुदा मी पाहिला आहे.

म्हणून अधिनियमाचा पहिला उल्लेख नेहमी नाव, वर्ष आणि क्रमांक यांसह करावा आणि अंमलाची तारीख स्वतंत्रपणे शोधावी. ती कधी अधिनियमाच्या पहिल्या कलमात मिळते, तर कधी पुढे निघालेल्या वेगळ्या अधिसूचनेत.

नावातील ‘दमण आणि दीव’ आता गाळावे काय?

आपल्या मनाने गाळू नये. गोवा, दमण आणि दीव पुनर्रचना अधिनियम, १९८७ (१९८७ चा अधिनियम १८) अन्वये गोवा राज्य झाले, पण त्याआधीच्या अधिनियमांची नावे त्या क्षणी आपोआप बदलली नाहीत. राजपत्रात जे संक्षिप्त नाव आहे ते लिहावे, आणि एखाद्या दुरुस्तीने ते बदलले असेल, तर त्या दुरुस्तीनुसार लिहावे.

कलम, पोटकलम, खंड, परंतुक: हे नेमके कसे लिहायचे?

संविधानाच्या बाबतीत ‘अनुच्छेद’ आणि अधिनियमाच्या बाबतीत ‘कलम’ हा भेद मराठीत पक्का रुजलेला आहे आणि तो पाळावा. नियमांना ‘नियम’ आणि अनुसूचीतील बाबींना ‘नोंद’ म्हणावे. क्रम मोठ्याकडून लहानाकडे: कलम, मग कंसात पोटकलम, मग कंसात खंड. परंतुकाचा, म्हणजे कलमाला जोडलेल्या ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अटीचा, आधार घेतला असेल, तर ‘कलम अमुकचे पहिले परंतुक’ असे स्पष्ट लिहावे, कारण मूळ कलम जे देते तेच परंतुक पुष्कळदा काढून घेते. स्पष्टीकरणाचेही तसेच.

राजपत्राच्या मालिका म्हणजे काय? जुने राजपत्र कसे ओळखावे?

गोव्याचे शासकीय राजपत्र तीन मालिकांत निघते. अधिनियम, नियम आणि वैधानिक स्वरूपाच्या अधिसूचना पहिल्या मालिकेत असतात. नेमणुका, भूसंपादन अशा प्रशासकीय बाबी दुसऱ्या मालिकेत. आणि जाहिराती व सार्वजनिक सूचना तिसऱ्या मालिकेत. दाखला देताना मालिका, अंक क्रमांक आणि तारीख ही तिन्ही लिहावीत. अंक असाधारण असेल, तर तसे म्हणावे, नाहीतर शोधणारा नियमित अंक चाळत बसतो.

पोर्तुगीज काळातील राजपत्राला बोलेतीं म्हणत. ‘गॅझेता द गोवा’ हे येथील पहिले वृत्तपत्र २२ डिसेंबर १८२१ रोजी निघाले, आणि सरकारी बोलेतीं १८३७ पासून. त्यामुळे गोव्याच्या कायद्याचा छापील माग जवळजवळ दोन शतके मागे जातो, ही अभ्यासकासाठी मोठीच सोय आहे.

कायद्यात नंतर दुरुस्ती झाली आहे की नाही, हे कसे कळणार?

केंद्र शासनाच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर केंद्रीय आणि राज्यांचे अधिनियम दुरुस्त्यांसह विनामूल्य मिळतात. सुरुवात तेथून करावी, शेवट मात्र राजपत्रात करावा. एकत्रित पाठ कोणीतरी तयार केलेला असतो आणि तो एखादी ताजी दुरुस्ती मागे टाकू शकतो. राजपत्रातील पाठ हाच मूळ.

गोवा, दमण आणि दीव कृषी कुळवहिवाट अधिनियम, १९६४ (१९६४ चा अधिनियम ७) घ्या. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मानीव (कायद्याने मानलेला) खरेदीदार ठरवले आणि २० एप्रिल १९७६ हा दिवस त्यासाठी महत्त्वाचा ठरला. पुढे २०१४ च्या दुरुस्तीने कुळांचे वाद मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे गेले, आणि काही वर्षांनी आणखी एका दुरुस्तीने ते पुन्हा मामलेदारांकडे आले. मधल्या काळातील एखादे टिपण वाचून कोणी दिवाणी न्यायालयात गेला, किंवा त्याआधीचे पुस्तक वाचून मधल्या काळात मामलेदारांकडे गेला, तर दोघांचेही पाय चुकीच्या दारात. अशा अधिनियमाचा दाखला देताना ‘अमुक तारखेस जसा होता तसा’ हे शब्द घालायला संकोच करू नये.

निवाड्याच्या दाखल्यातील आकडे कसे वाचायचे?

केशवानंद भारती वि. केरळ राज्य, (१९७३) ४ एससीसी २२५ हा दाखला घेऊ. पक्षकारांची नावे, कंसात वर्ष, मग खंड, मग ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या निवाडासंग्रहाचे संक्षिप्त नाव, शेवटी निवाडा जेथून सुरू होतो ते पृष्ठ. हाच निवाडा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये एआयआर १९७३ एससी १४६१ असा सापडतो, तेथे संग्रहाचे नाव आधी, मग वर्ष, मग न्यायालय, मग पृष्ठ. सर्वोच्च न्यायालयाचा अधिकृत संग्रह म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’, अर्थात एससीआर; त्याचे निवाडे आता महाजालावर विनामूल्य वाचता येतात. मुंबई उच्च न्यायालयाचे निवाडे ‘महाराष्ट्र लॉ जर्नल’, ‘बॉम्बे केसेस रिपोर्टर’ आणि इथल्या प्रकरणांपुरते ‘गोवा लॉ टाइम्स’ यांतही आढळतात.

एकाच निवाड्याचे चार-चार समांतर दाखले ओळीने लावण्याची हौस नवशिक्यांत दिसते. एक अधिकृत आणि एक सहज उपलब्ध, एवढे पुरे.

सुरुवातीच्या पृष्ठावर थांबू नये, हे अधिक महत्त्वाचे. केशवानंद भारती प्रकरणी तेरा न्यायाधीश बसले होते आणि निकाल सातास सहा असा झाला. शेकडो पानांच्या त्या निवाड्यातील कोणाच्या मतातील कोणता परिच्छेद आपल्याला अभिप्रेत आहे, हे सांगितले नाही, तर दाखला देऊनही काहीच दाखवले नाही असे होते. परिच्छेद क्रमांक लिहावा. आणि मत कोणा एका न्यायाधीशाचे असेल, तर त्यांचे नाव.

तटस्थ दाखला म्हणजे काय?

खासगी प्रकाशकाच्या संग्रहावर अवलंबून न राहता न्यायालयाने स्वतःच आपल्या निवाड्याला दिलेला क्रमांक. सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत २०२३ मध्ये सुरू केली. वर्ष, ‘आयएनएससी’ ही अक्षरे आणि अनुक्रमांक अशी तिची रचना आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या दाखल्यात वर्षानंतर ‘बीएचसी’ आणि मग पीठाची खूण येते; गोव्यातील पीठासाठी ती ‘जीओए’. नव्या निवाड्यांसाठी हाच दाखला आधी द्यावा. तो त्याच दिवशी मिळतो आणि त्यासाठी कोणाची वर्गणी भरावी लागत नाही.

गोव्यातील न्यायालयांवर कोणाचा निवाडा बंधनकारक आहे?

संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. त्याखाली मुंबई उच्च न्यायालय. १९८१ च्या अधिनियम २६ ने त्याची अधिकारिता गोव्यापर्यंत वाढवली आणि ३० ऑक्टोबर १९८२ पासून पणजीचे पीठ सुरू झाले. २०२१ पासून त्याचे काम पर्वरीच्या नव्या इमारतीत चालते. त्याआधी येथे न्यायिक आयुक्तांचे न्यायालय होते, आणि १९६४ च्या अधिनियम १६ ने त्याला काही प्रयोजनांसाठी उच्च न्यायालय घोषित केले होते. म्हणून साठ-सत्तरच्या दशकांतील गोव्याच्या निवाड्यावर ‘न्यायिक आयुक्त’ लिहिलेले दिसले, तर तो खालच्या न्यायालयाचा समजून बाजूला टाकू नये.

दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निवाडा मन वळवण्यासाठी वाचता येतो. त्याने हात बांधले जात नाहीत. नागरी संहितेच्या बाबतीत असा निवाडा मिळणारही नाही, कारण तो कायदा तेथे नाही.

निवाडा अजून टिकून आहे की उलटला, हे कसे तपासावे?

हे न तपासण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. वकिलीच्या आरंभी एका कर्जवसुलीच्या दाव्यात, दावा लावण्याच्या मुदतीच्या प्रश्नावर, मी जुस्तिनियानो आवगुस्तो द पियेदाद बार्रेतो वि. आन्तोनियो व्हिसेन्त द फोन्सेका, (१९७९) ३ एससीसी ४७ याचा दाखला देऊन मसुदा केला. त्या निवाड्याने नागरी संहितेतील मुदतीच्या तरतुदींना १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या कलम २९(२) अन्वये विशेष किंवा स्थानिक कायदा मानले होते, आणि संहितेतील लांब मुदत माझ्या अशिलाच्या फायद्याची होती. ज्येष्ठांनी मसुदा वाचला, चष्मा काढला आणि एवढेच विचारले, “सिंडिकेट बँक वाचलात काय?” मी वाचला नव्हता. सिंडिकेट बँक वि. प्रभा डी. नाईक, (२००१) ४ एससीसी ७१३ या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका सोडून दिली आणि अशा दाव्यांना मुदत अधिनियमच लागू होईल असे ठरवले. माझ्या मसुद्यातील सहा पानांचा पायाच गेला.

तेव्हापासून मी एक रीत पाळतो. निवाडा सापडला की त्याचे नाव शोधपेटीत घालून त्याच्या नंतरचे निवाडे तारखेच्या उलट्या क्रमाने पाहतो. ‘अमान्य’, ‘भेद केला’, ‘अनुसरला’ यांपैकी काय म्हटले आहे ते वाचतो. आणि निवाड्याने ज्या कलमाचा अर्थ लावला ते कलम त्यानंतर बदलले आहे काय, हे वेगळे तपासतो. हे शेवटचे काम संगणक करून देत नाही. निवाडा कोणी उलटवलेला नसतो, पण त्याखालचे कलमच निघून गेलेले असते.

शीर्षटिपणीवरून दाखला द्यावा काय?

देऊ नये. शीर्षटिपणी किंवा हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या सुरुवातीला दिलेला सारांश, संपादकाने लिहिलेली असते. ती न्यायालयाची भाषा नव्हे. निवाड्यावर कोणाची मालकी नसते, पण संपादकाच्या कौशल्यातून उतरलेल्या भागाला संरक्षण असू शकते, हे ईस्टर्न बुक कंपनी वि. डी. बी. मोदक, (२००८) १ एससीसी १ मध्ये ठरले. त्या दोहोंतील फरक ध्यानात ठेवायला हे प्रकरण चांगले. हेडनोट वाट दाखवण्यापुरती वापरावी आणि अवतरण नेहमी मूळ परिच्छेदातून घ्यावे. निकालासाठी आवश्यक असलेले तत्त्व कोणते आणि ओघात केलेले भाष्य कोणते, हे हेडनोटवरून कळत नाही. त्यासाठी तथ्ये वाचावी लागतात.

एखादे उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवाल काय?

समजा, फोंड्यातील एका कुटुंबातील आजोबा १९९८ मध्ये वारले आणि काका २०१८ मध्ये. दोघांचाही अधिवास गोव्याचा. आजोबांचे घर फोंड्याला, काकांचा एक फ्लॅट पुण्याला. घरचे विचारतात, वाटणी कोणत्या कायद्याने?

प्रथम तारखा. वारसा मृत्यूच्या क्षणी उघडतो, म्हणून दोन मृत्यूंसाठी दोन वेगळे शोध. आजोबांसाठी १९९८ मध्ये अमलात असलेला कायदा, म्हणजे १८६७ च्या संहितेतील वारशाच्या तरतुदी, आणि तिला आधार १९६२ च्या अधिनियमाचे कलम ५. काकांसाठी २२ डिसेंबर २०१६ नंतरचा कायदा, म्हणजे वर सांगितलेला २०१६ चा गोवा अधिनियम २३. दुसरे, पुण्याचा फ्लॅट. हिंदू कुटुंब, मालमत्ता महाराष्ट्रात, म्हणून हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागेल, असे पुण्यातील ओळखीचा कोणीही सांगेल. कुतिन्यो निवाडा नेमका याच प्रश्नावर आहे: तेथे मालमत्ता मुंबईत होती आणि मृत्युपत्राने ती एकाच मुलीला दिली होती. गोव्याच्या कायद्याप्रमाणे थेट वारसांसाठी राखून ठेवलेला हिस्सा मृत्युपत्राने हिरावता येत नाही, आणि तो नियम मुंबईतील मालमत्तेलाही लागू झाला. तिसरे, तो निवाडा जुन्या संहितेवर आहे, म्हणून काकांच्या बाबतीत नव्या अधिनियमातील समांतर कलमे काढून त्यांच्या शब्दांत फरक पडला आहे काय, हे पाहावे. चौथे, २०१९ नंतर या निवाड्याचे काय झाले, ते.

टिपण लिहिताना याच क्रमाने लिहावे: तथ्य आणि तारीख, लागू कायदा आणि तो का लागू, कलमाचे शब्द, निवाड्याचा परिच्छेद, मग मत. मत सर्वांत शेवटी यावे; पुष्कळ जण ते आधी ठरवतात आणि मग त्याला जुळणारा दाखला शोधतात.

नव्या फौजदारी कायद्यांनंतर जुनी कलमे लिहावीत की नवी?

गुन्ह्याची तारीख पाहावी. भारतीय न्याय संहिता, २०२३ (२०२३ चा अधिनियम ४५) १ जुलै २०२४ पासून अमलात आहे; त्याआधीच्या कृत्याला भारतीय दंड संहिताच लागू. नुसते ‘कलम ३०२’ लिहिणे आता धोक्याचे झाले आहे. दंड संहितेत ते खुनाच्या शिक्षेचे कलम होते; न्याय संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि तिच्या कलम ३०२ चा विषय धार्मिक भावना दुखावणारे शब्द हा आहे. प्रक्रियेचा प्रश्न वेगळा: प्रलंबित कार्यवाहीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५३१ वाचावे.

मराठी पाठाचा दाखला चालतो काय?

समजून घेण्यासाठी अवश्य वाचावा. १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने गोव्यात देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरवली आणि शासकीय प्रयोजनांसाठी मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. परंतु अधिनियम, नियम आणि उच्च न्यायालयाचे कामकाज यांबाबत संविधानाचा अनुच्छेद ३४८ इंग्रजी पाठाला प्रमाण मानतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांची मराठी भाषांतरे आता मिळतात. त्यांवरून मुद्दा समजून घ्यावा आणि अवतरण इंग्रजी पाठातून द्यावे. माझ्या अनुभवात, कलम एकदा मराठीत मांडून पाहिले की त्यातील ‘आणि’ व ‘किंवा’ कोठे आहेत हे जास्त स्पष्ट दिसते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने दिलेला दाखला वापरावा काय?

मूळ निवाडा उघडून वाचला असेल, तरच. ही साधने अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांची अगदी खरी वाटणारी नावे, वर्षे आणि पृष्ठे रचतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयाने असे बनावट दाखले सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. गोव्याच्या बाबतीत धोका आणखी एक आहे: इथल्या कायद्याविषयी महाजालावर मजकूर थोडा, म्हणून साधन उरलेल्या भारताचा कायदा गोव्याच्या नावावर बिनदिक्कत सांगते.

जुने राजपत्र किंवा निवाडा महाजालावर मिळाला नाही, तर?

अलीकडच्या अनेक दशकांचे अंक शासकीय मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर आहेत. त्याआधीच्या बोलेतींसाठी पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि पुराभिलेख खाते ही दोन ठिकाणे. ग्रंथालयाचा इतिहास १८३२ पर्यंत मागे जातो आणि पोर्तुगीज काळातील छापील साहित्य तेथे चांगले जपलेले आहे. निवाडासंग्रहांसाठी मिरामारचे साळगावकर विधी महाविद्यालय आणि मडगावचे कारे विधी महाविद्यालय यांची ग्रंथालये उपयोगी पडतात. बाहेरच्या वाचकाने आधी परवानगी विचारून जावे. जाताना वर्ष, महिना आणि डिप्लोमाचा किंवा दिक्रेताचा क्रमांक लिहून न्यावा. प्रत काढून घेतल्यावर तिच्या मागे अंकाचा क्रमांक, तारीख आणि पृष्ठ पेन्सिलीने तेथेच लिहावे. घरी आल्यावर सुट्या पानावरून ते पुन्हा शोधणे फार कठीण जाते.